जिवंत दगड आणि वीस लिटरचा समुद्र



आजचा विषय जरा आपल्या रानाबाहेरचा आहे. देगलूरहून उदगीरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातून बचत गटाची चिठ्ठी आली. काचेच्या छोट्या पेटीत खारं पाणी भरून समुद्रातले मासे ठेवायचे असतील तर त्यात घालायचा ‘जिवंत दगड’ कसा निवडायचा, असं त्यांनी विचारलं होतं. वाचताना आमच्यातल्या दोघी हसल्याच. लेंडीच्या काठावर राहणाऱ्या आपण, आपल्यातल्या किती जणींनी समुद्र पाहिला असेल? पण चिठ्ठी पुढं वाचली आणि हसणं थांबलं. एक व्यापारी त्यांच्याकडे येऊन गेला होता. वीस-वीस लिटरच्या पाच पेट्या गटानं घ्यायच्या, देगलूर आणि नांदेडच्या दुकानांत भाड्यानं ठेवायच्या, महिन्याला देखभालीचे पैसे घ्यायचे, अशी त्याची योजना. प्रत्येक पेटीत तीन किलो जिवंत दगड. पेटी, दिवे, मीठ, मासे या सगळ्यांपेक्षा महाग होता तो दगड, आणि तो किलोवर. गटानं अंतर्गत कर्जाचा ठरावही लिहून ठेवला होता, फक्त सह्या बाकी होत्या.

म्हणून आम्ही हा विषय घेतला. पुस्तकं पाहिली, मासे पाळणाऱ्यांशी बोललो, आणि आता जे समजलं ते सांगतो.

आधी हा दगड म्हणजे काय ते पाहू. समुद्रात प्रवाळ नावाचा अगदी छोटा जीव असतो. आपण त्याला पोवळं म्हणतो. तो पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतो. असे लाखो जीव एकाला एक चिकटून राहतात, मरतात, त्यांच्यावर पुढचे बांधतात, आणि त्यातून खडक तयार होतो. गोल गड्ड्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास वाढतं. म्हणजे नारळाएवढा गड्डा व्हायला मुलगी शाळेत जाऊन, शिकून, लग्नाला येईपर्यंतचा काळ जातो. या खडकाचा तुटलेला तुकडा, ज्याच्या भोकांत जिवाणू, शेवाळ, किडे, शिंपले राहतात, त्याला बाजारात जिवंत दगड म्हणतात. दगड स्वतः जिवंत नसतो, त्यात राहणारे जिवंत असतात.

(गळ्यातलं लाल पोवळं याच कुळातलं, पण वेगळ्या जातीचं. ते पूर्वीपासून मुख्यतः भूमध्य समुद्रातून येत आलंय. आणि सागरगोटे समुद्रातले नाहीत बरं का, ते एका काटेरी वेलीचं बी आहे. आमच्या बैठकीत यावर बराच वाद झाला.)

आता माशाच्या पेटीला हा दगड कशाला हवा? हे शेतकरी बाईला समजायला काहीच अवघड नाही. कच्चं शेणखत रोपाच्या मुळाशी टाकलं तर रोप जळतं, हे आपण पाहिलेलं आहे. त्यात अमोनिया असतो. खत कुजून मुरलं की तेच नत्र पिकाला मानवतं, कारण मधल्या काळात मातीतल्या जिवाणूंनी अमोनियाचं नायट्राईट आणि नायट्राईटचं नायट्रेट केलेलं असतं. पेटीतही हेच होतं. मासा खातो, त्याची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विष आहे. नायट्राईटही त्रासाचंच. नायट्रेट मात्र थोडं चालतं. हे काम करणारे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते कशाला तरी चिकटून राहतात. जितकी जास्त भोकं, तितकी त्यांना जास्त घरं. आणि दगड खूप सच्छिद्र असेल तर आतल्या भागात हवा पोचत नाही. तिथं दुसरे जिवाणू राहतात, ते नायट्रेटचा वायू करून हवेत सोडून देतात. पावसाळ्यात पाणी साचलेल्या काळ्या रानात टाकलेला युरिया असाच उडून जातो. रानात ते नुकसान, पेटीत तो फायदा.

तर दगडाचं काम एवढंच, जिवाणूंना घर देणं. हे एकदा पक्कं झालं की पुढचा प्रश्न येतो, की ते घर समुद्रातूनच तोडून आणायला हवं का.

इथं कायदा आडवा येतो, आणि चिठ्ठी पाठवणाऱ्या मैत्रिणींना व्यापाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं. २००१ साली केंद्र सरकारनं खडक बांधणारं सगळं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. हा कायदा १९७२ चा. पहिल्या अनुसूचीत कोण आहे? वाघ आहे. म्हणजे आपल्या समुद्रातून प्रवाळ तोडणं, विकणं, बाळगणं हा वाघाच्या कातड्याइतकाच गंभीर गुन्हा धरला जातो. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं तुरुंगवास, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये. त्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्याच्या ताब्यात माल सापडला, त्यानंच तो कायदेशीर आहे हे सिद्ध करायचं असतं. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका नाही. पेट्या दुकानात, पण बिल गटाच्या नावावर, आणि बिलावर सही अध्यक्ष आणि सचिव बाईची. व्यापारी तोवर कुठल्या गावाला गेलेला असेल कोण जाणे.

हा कायदा नुसता कागदावर आहे असं कुणी म्हणेल. तर मुंबईचं ऐका. तिथं समुद्राकाठच्या मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं. वरळी आणि हाजी अलीजवळच्या खडकांवर प्रवाळाच्या काही छोट्या वसाहती आढळल्या. महापालिकेचं काम, कोट्यवधींचा रस्ता, तरी त्या काढायला वन खात्याची परवानगी लागली. २०२० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली १८ वसाहती दगडासकट उचलून दुसरीकडे नेऊन लावल्या. एवढ्या मोठ्या महापालिकेला जे कागद लागले, ते आपल्या गटाला लागणार नाहीत का? मालवणलाही १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात उतरून प्रवाळ पाहता येतं, उचलून घरी आणता येत नाही.

न उचलण्याचं कारणही नीट समजून घ्यावं. तमिळनाडूत तुतिकोरिनजवळ मन्नारच्या आखातात चुन्यासाठी आणि कारखान्यांसाठी कित्येक वर्षं हा दगड होड्या भरभरून काढला. तिथली दोन बेटं पाण्याखाली गेली. लाटा अडवणारा बांधच फोडला तर दुसरं काय होणार? त्याच आखातात बायका पाण्यात बुडी मारून समुद्री शेवाळ गोळा करतात, त्यावर त्यांचं घर चालतं. त्यांच्यातल्या चिन्नपालम गावच्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सिकॉलॉजी पुरस्कार मिळाला. शेवाळ काढायचं पण समुद्र जपून, आणि बायकांचा त्या पाण्यावरचा हक्कही सोडायचा नाही, हे त्यांचं काम. खडक गेला की शेवाळ जातं, शेवाळ गेलं की त्या बायकांची रोजी जाते. कुठल्यातरी दुकानात शोभेला ठेवलेल्या तीन किलो दगडाचं दुसरं टोक हे असं असतं.

परदेशातून आणलेला जिवंत दगडही बाजारात असतो. फिजी बेटांवरच्या गावांनी तो बरीच वर्षं विकला. पण प्रवाळाच्या जागतिक व्यापारालाही परवाने लागतात. विकणारा ‘माल फॉरेनचा आहे’ म्हणाला तर आयातीचे कागद मागावेत, आणि त्याची प्रत हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आमचं स्पष्ट मत सांगायचं तर, गटानं या भानगडीत पडूच नये. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर समुद्रातून असा दगड तोडणं १९९० च्या दशकात बंद झालं. तेव्हा तिथल्या लोकांनी खाणीतला चुनखडीचा दगड समुद्राच्या तळाशी नेऊन ठेवला आणि काही वर्षांनी त्यावर जीव वसल्यावर तोच काढून विकायला सुरुवात केली. म्हणजे दगड साधाच, जिवंतपणा नंतर आलेला. हीच युक्ती आपण बादलीत करू शकतो.

मग दगड निवडायचा कसा? आमच्या मते सगळ्यात मजेचा भाग हाच आहे.

हातात घेऊन वजन पाहा. एकाच आकाराचे दोन दगड असतील तर हलका घ्या, कारण त्यात पोकळी जास्त. मग भिजवून पाहा. दगड धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवा, किराणा दुकानातल्या काट्यावर तोला, रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी वरचं पाणी पुसून पुन्हा तोला. समजा कोरडा ५०० ग्रॅम होता आणि भिजून ६०० झाला, तर १०० ग्रॅम पाणी आत शिरलं. वजन वाढलंच नाही तर तो दगड शोभेचा, जिवाणूंच्या कामाचा नाही.

आपल्या तालुक्यात दोन्ही तऱ्हेचा दगड मिळतो. मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या दगडाचा, पण देगलूर-बिलोलीच्या बाजूला जमिनीत गुलाबी-करडा ग्रॅनाईट लागतो. ग्रॅनाईट सुंदर दिसतो, पाण्यात काही सोडत नाही, पण पाणी पीत नाही. लेंडीतला गुळगुळीत गोटा तसाच. काळ्या दगडात कधी कधी बुडबुड्यांच्या खोबणी असलेला जाळीदार प्रकार सापडतो, तो चांगला. मात्र गंजासारखे लाल डाग किंवा धातूसारखी चमक दिसली तर टाकून द्या. रस्त्याच्या कामावरचा, डांबर किंवा डिझेल लागलेला, फवारणीच्या रानातला दगड घेऊ नका. औषधाचा अंश आत मुरलेला असतो, तो धुऊन जात नाही, आणि कीटकनाशकाचा थेंबसुद्धा कोळंबीला पुरतो.

मग लिंबू पिळा. फसफसलं तर त्यात चुना आहे. काळ्या रानात नांगरताना वर येणारे पांढरे चुनखडीचे खडे असेच फसफसतात. समुद्राच्या पाण्याला चुना चालतो, प्रवाळाचा खडकही चुन्याचाच. पण गोड्या पाण्याच्या पेटीत असा दगड घातला तर पाणी जड होत जातं, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी आधीच जड असतं. तिथं न फसफसणारा घ्यावा.

आणि सगळ्यात सोपी वस्तू तर आपल्या घरात आहे. माठ पाझरतो, म्हणूनच पाणी गार होतं. न रंगवलेली, चकाकी न दिलेली, नीट भाजलेली माती भोकाभोकांची असते. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारं खापर घ्या, भुसभुशीत घेऊ नका, ते विरघळत जातं. कुंभाराकडून हवा तसा, आत पोकळ, मासा लपेल असा आकार करून घेता येतो. सिमेंटचा दगडही करतात, त्यात शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा घालतात. पण ओल्या सिमेंटमधला चुना पाण्यात सुटतो आणि मासे मरतात, म्हणून तो महिना-दोन महिने पाण्यात ठेवून पाणी बदलत राहावं लागतं. आमची पसंती खापराला.

आता हा मेलेला दगड जिवंत करायचा. झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत पेटीत वापरायचं तसंच खारं पाणी करा. हवा सोडणारा छोटा पंप लावा आणि बादली सावलीत ठेवा. रोज माशाच्या खाद्याची चिमूट टाका, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होईल. आधीपासून नीट चाललेल्या एखाद्या खाऱ्या पेटीतला गाळणीचा स्पंज पिळून ते पाणी मिळालं तर उत्तम, ते विरजणासारखं काम करतं. नाहीतर बाटलीतले जिवाणू मिळतात. मग तपासणी संचानं पाणी तपासत राहायचं. आधी अमोनिया वाढतो, मग उतरतो. त्यानंतर नायट्राईट वाढतं आणि उतरतं. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की दगड तयार. याला बहुधा चार ते आठ आठवडे जातात. घाई करून मासा सोडला तर तो मरतो, आणि दुकानदार पेटी परत करतो. लोणचं मुरण्याआधी बरणी उघडण्यासारखं आहे ते.

व्यापारी तीन किलो म्हणाला होता. जिवंत दगडाचा जुना हिशेब लिटरला शंभर-सव्वाशे ग्रॅमपासून त्याच्या दुपटीपर्यंतचा असतो, तेव्हा वीस लिटरला तीन किलो हे काही चुकीचं नव्हतं. पण भरीव जड दगड तीन किलो घातला तर एक लिटरहून जास्त पाणी बाहेर सांडतं. आधीच छोट्या पेटीत माशाला पाणी कमी. म्हणून किलो मोजू नका, भोकं मोजा.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, चला, दगडाचा प्रश्न सुटला, पेट्या घेऊ. जरा थांबा, पाण्याचा हिशेब राहिलाय. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वीस लिटरला ७०० ग्रॅम. हे घरातलं मीठ नव्हे, पेट्यांसाठीचं वेगळं मिश्रण असतं. आता पाणी उडतं, पण क्षार उडत नाहीत. वीस लिटरमधलं दोन लिटर पाणी उडालं तर उरलेल्या अठरा लिटरमध्ये लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम क्षार होतात. मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो. पंखा लावला तर पाणी गार राहतं पण जास्त उडतं, नाही लावला तर तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रातल्या बहुतेक माशांना पंचवीस-सत्तावीस अंश हवे असतात. मोठ्या विहिरीचं पाणी दुपारी तापत नाही, तांब्यातलं लगेच तापतं. वीस लिटरची पेटी म्हणजे तांब्याच. त्यात वीज गेली, हवेचा पंप बंद, दुकानदार जेवायला घरी गेलेला. दोन गावांत पाच पेट्या आणि रोज गोडं पाणी भरायला कोण जाणार? चिठ्ठीत या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

तेव्हा त्या गटाला आम्ही सांगितलं ते असं. कर्जाच्या ठरावावर सह्या करू नका. माशांचं काम आवडत असेल तर आधी गोड्या पाण्याची एक पेटी, पन्नास लिटरच्या पुढची, आपल्याच बैठकीच्या खोलीत ठेवा. गप्पी, मोली यांच्यासारखे तग धरणारे आणि पिल्लं देणारे मासे घ्या. एक उन्हाळा निभावला की पुढचं बोलू. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली आली, तिच्यात परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटसाठी ३ लाख रुपये खर्च धरला होता आणि महिलांना ६० टक्के अनुदान होतं. आता कोणतं अनुदान चालू आहे ते नांदेडच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. व्यापाऱ्याच्या कागदावरून ठरवू नका.

आणि ज्यांना खाऱ्या पाण्याचंच करायचं आहे त्यांच्यासाठी वाट बंद नाही. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊन मासा आता समुद्रातून न पकडता टाक्यांत वाढवतात. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात हे काम झालं आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर बायकांनीच शोभेच्या कोळंबीचं आणि माशांचं संगोपन शिकून घेतलंय. टाकीत जन्मलेला मासा, खापराचा दगड, शंभर लिटरची पेटी आणि इन्व्हर्टर असेल तर विचार करता येईल.

त्या गटाच्या सचिव ताईंनी परवा फोन केला होता. व्यापारी पुन्हा आला, तेव्हा त्यांनी त्याला तीन गोष्टी विचारल्या. दगड कुठून आणला, त्याचा कागद कुठं आहे, आणि पक्क्या बिलावर ‘जिवंत दगड’ असं लिहून देणार का. ‘बिलाचं बघू’ म्हणून तो चहा न पिताच गेला. बायांनी ठरावाचं पान फाडलेलं नाही, ते तसंच बाकी ठेवलंय. सध्या त्यांच्या ओसरीवर सहा तऱ्हेचे दगड आणि चार खापरं भिजत आहेत. कुणी किती पाणी प्यायलं त्याची वही त्यांनी ठेवली आहे, आणि आतापर्यंत जुन्या रांजणाचं खापर पुढं आहे.

तुमच्याकडेही काटा असेल तर तोलून पाहा आणि आकडे कळवा. आपल्या गावाचं नाव आणि दगड कुठं सापडला, एवढं लिहायला विसरू नका.